पिग्मीवालीचा हिशेब

गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या साखळीच्या बाजारात मी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. पिग्मी म्हणजे रोजची बचत. दुकानदार, गाडेवाला, न्हावी, फुलवाली दिवसाला वीस, पन्नास, शंभर रुपये देतात, मी मशीनमधून पावती काढून देते. मुदत संपली की त्यांना व्याजासकट रक्कम मिळते, मला माझं कमिशन. अर्थशास्त्र मी शिकलेले नाही. पण दुकानदाराने गल्ला किती उघडला आणि माझ्याकडे बघत उघडला की दुसरीकडे, एवढ्यावरून त्याचा महिना कसा चाललाय ते सांगू शकते.

डिचोली तालुका दोन पिढ्या लोहखनिजावर जगला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या हलल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद. आज बाजार उभा आहे, काही गल्ल्यांत तर पूर्वीपेक्षा गजबजलेला आहे. कसा सावरला, असं बाहेरची माणसं विचारतात. मला जे दिसलं ते वहीच्या सवयीने आकडे घालून लिहिते.

१. पहिले दोन-तीन महिने कोणालाच काही कळत नाही

बेकायदा खाणकामावरचा न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ ला संसदेत मांडला गेला आणि तीन दिवसांनी, १० तारखेला, राज्य सरकारने खाणकाम थांबवलं. पेपरात पानभर मथळे होते, बाजारात मात्र काहीच नव्हतं. पावसात ट्रक तसेही उभेच असतात. जून ते सप्टेंबर मालक पावसाळा काढतो, गाडीचं काम करून घेतो, रंग मारतो. शिवाय गणपतीची चवथ नऊ दिवसांवर आली होती. माटोळीचा बाजार नेहमीसारखा भरला, कपड्यांची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी राहिली. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचीही बंदी आली. तरी दसऱ्याला ट्रकांना झेंडूचे हार पडले, नारळ फुटले. गाड्या न्हाऊन-माखून तयार होत्या, फक्त निघाल्या नाहीत.

पिग्मी एकदम थांबत नाही. आधी शंभराचे पन्नास होतात. मग एक दिवसाआड. मग "हो म्हयनो राव गे, वयनी." सरळ खातं बंद करणाऱ्याची मला काळजी वाटत नाही, त्याने हिशेब केलेला असतो. रोज "उद्या" म्हणणाऱ्याच्या घरी काय चाललंय ते बघायला हवं. तालुक्यात किती खाणी बंद पडल्या याचा आकडा सरकारकडे पहिल्या दिवसापासून होता. किती लोक "उद्या" म्हणू लागले, हे कोणी मोजलं नाही.

२. धंदे पंधरा दिसतात, असतो एकच

खनिजाचा नफा कंपन्यांना, रॉयल्टी सरकारला, माल चीनला. साखळीच्या वाट्याला आली ती खेप. खाणीवरून आमोण्याच्या किंवा सारमानसच्या जेटीवर ट्रकाने माल टाकायचा, टनावर भाडं घ्यायचं. पुढे बार्ज मांडवीतून मुरगाव बंदराकडे. बीजिंग ऑलिंपिकच्या आगेमागे चीनने पोलादासाठी खनिज ओढायला सुरुवात केली आणि पूर्वी डंपवर फेकलेला हलक्या प्रतीचा मालही विकला जाऊ लागला. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर गेलं. त्या चार-पाच वर्षांत एक ट्रकवाल्याने दोन केले, ज्याच्याकडे नव्हता त्याने बागायत गहाण टाकली. शाळामास्तर, पंचायतीतला क्लार्क, देवळातला भटजी, सगळ्यांच्या घरी कोणाच्या तरी नावावर ट्रक. ड्रायव्हर मालकाला "पात्रांव" म्हणतात. तेव्हा बाजारात "पात्रांव" अशी हाक मारली तर दहा माना वळायच्या.

बंदीनंतर माझ्या वहीतली नावं ज्या क्रमाने गळली तो क्रम मला अजून पाठ आहे. आधी ट्रकाच्या सीटला रेक्झिन लावणारा आणि मागच्या फळीवर नावं रंगवणारा. मग टायर रिट्रेडिंगवाला, पाटेवाला, बॅटरीवाला. मग हमरस्त्यावरचे भजी-पावाचे गाडे. मग खोल्या भाड्याने देणाऱ्या विधवा बायका, कारण झारखंड-ओडिशाचे ड्रायव्हर आपापल्या गावी परतले होते. ते गेले म्हणून मोबाइल रिचार्जचं दुकान. त्यानंतर शिंपी, सोनार. दारूचं दुकान सगळ्यात शेवटी बंद पडतं असं लोक म्हणतात. माझ्या वहीत बार बराच आधी आला, औषधाचं दुकान शेवटी. आणि एका ट्यूशनवाल्या बाईंची पिग्मी चक्क वाढली. ट्रक उभा राहिल्यावर आईबापांनी पहिला खर्च वाढवला तो पोरांच्या शिकवणीचा.

रेक्झिनवाला, खोल्यावाली, रिचार्जवाला यांच्यातलं कोणीही स्वतःला खाणवाला समजत नव्हतं. "आमचा काय संबंध खाणीशी?" असं मला त्यांनीच आधी ऐकवलं होतं.

३. "सुरू होणार" याचा खर्च सगळ्यात मोठा

बंदीने जेवढं बुडवलं त्याहून जास्त वाट बघण्याने बुडवलं, असं माझं स्पष्ट मत आहे. हे गावात बोलून दाखवलं की लोकांना राग येतो.

तारखा बघा. २१ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. खाणींच्या लिजा २२ नोव्हेंबर २००७ लाच संपलेल्या होत्या, म्हणजे त्यानंतरचं खाणकाम बेकायदा. पुढे काढायचं असेल तर तूर्त वर्षाला दोन कोटी टनांच्या आत. लोकांनी त्यातलं एवढंच ऐकलं की "पुढे काढता येईल". सरकारने ८८ लिजांचं नूतनीकरण केलं, थोडा माल हलला, बाजारात पुन्हा ट्रकांचे हॉर्न ऐकू आले. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने तेही रद्द केलं आणि १६ मार्चपासून सगळं पुन्हा ठप्प. त्यानंतर पणजीत मोर्चे, दिल्लीत शिष्टमंडळं, विधानसभेत ठराव, प्रत्येक निवडणुकीआधी नवी तारीख. "मायनिंग सुरू जातलें" हे वाक्य मी चहाबरोबर इतक्या वेळा ऐकलंय की त्याची चवच गेली.

आता उभ्या ट्रकाचा हिशेब मांडा. विमा भरायचा, कारण उद्या सुरू झालं तर गाडी कागदांसह तयार पाहिजे. पासिंग करून घ्यायचं. रोड टॅक्स. बॅटरी बसते, ती बदलायची. टायर जमिनीला टेकून एका बाजूने चिरतात. गाडीखाली गवत वाढतं, केबिनमध्ये मांजर वितं. कर्जाचा हप्ता वेगळाच. हे सगळं कुठून यायचं? घरवालीच्या दागिन्यांतून, काजूच्या पैशांतून, मुलाच्या पहिल्या पगारातून. एका ओळखीच्या पात्रांवला २०१३ मध्ये शेजारच्या राज्यातल्या गिऱ्हाइकाने साडेसहा लाख देऊ केले होते. तो हसला होता. तीच गाडी पुढे भंगारवाल्याने किलोवर नेली, तेव्हाही त्याने मागच्या फळीवरचं मुलीचं नाव आधी काढून घेतलं.

ज्यांनी पहिल्याच वर्षी तोटा सोसून गाड्या विकल्या त्यांना लोक भित्रे म्हणाले. त्यातल्या एकाने चिऱ्यांचा धंदा धरला, एकाने साऊंड-मंडप सुरू केलं, एकाने डिचोलीत इलेक्ट्रिकचं सामान ठेवलं. वाट बघणारे शहाणे नव्हते असं नाही. पन्नाशी उलटलेल्या, आयुष्यभर खाणीवरच काम केलेल्या माणसाने दुसरं काय करायचं होतं? पण त्या वाट बघण्याने गावातला भांडवल म्हणावा असा पैसाच अडकून पडला. जागा अडकल्या, कारण ट्रक उभे करायला प्लॉट हवा. तरुण पोरं अडकली, कारण बाप म्हणायचा, दुसरीकडे कुठे चिकटू नकोस, गाड्या सुटल्या की बघणार कोण? बाजार खरा हलला तो २०१८ च्या दुसऱ्या बंदीनंतर, जेव्हा पुष्कळांनी मनातल्या मनात ट्रक विकून टाकला.

४. मदत कोणाच्या हातात पडते त्याला महत्त्व

खाणग्रस्तांसाठी सरकारने मदतीच्या योजना काढल्या, कर्जदारांसाठी कर्जमुक्तीचीही आणली. त्यांचा उपयोग झाला, घरं वाचली. पण कर्जमुक्तीचा पैसा सरकारकडून बँकेत गेला आणि बँकेतच राहिला, बाजारात त्याचा रुपया दिसला नाही. त्याच सुमारास, २०१२ मध्येच, खाणींशी काहीही संबंध नसलेली गृह आधार योजना सुरू झाली होती. गृहिणीच्या खात्यात महिन्याला हजार रुपये, पुढे दीड हजार. वेळेवर यायचे असं मुळीच नाही. पण जमा झाले की दोन दिवसांत किराणा, कापड आणि मासळीच्या बाजारात मला ते दिसायचे. मासळीवाल्या तर त्या दिवशी पिग्मी दुप्पट द्यायच्या.

५. पुन्हा उभं राहण्याची सुरुवात स्वयंपाकघरांतून झाली

वेळग्याच्या रस्त्यावर एक वयनी ड्रायव्हरांसाठी खानावळ चालवायच्या. शीत-हुमण, तळलेली मासळी, सोमवारी शिवराक. बंदी आली तेव्हा त्यांच्या उधारीच्या वहीत दोन पानं भरून नावं होती आणि त्यातले बहुतेक जण आगगाडीत बसून गेलेले. उधारीतला एक पैसा आला नाही. त्या काही दिवस नुसत्या बसून होत्या. मग त्यांनी एक गोष्ट केली जी मला नंतर अनेकांना सांगता आली: त्या बसस्टॉपवर जाऊन उभ्या राहिल्या.

होंडा, पिसुर्ले आणि डिचोली इथल्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांच्या बसगाड्या सकाळी लवकर आमच्या भागातून माणसं उचलतात. खाणी जोरात असताना या नोकऱ्यांना गावात किंमत नव्हती, ट्रकवाल्याचा मुलगा आठ तासांच्या पगारावर कशाला जाईल? बंदीनंतर तीच पोरं रांगेत उभी राहिली. वयनींनी बघितलं की निम्म्यांच्या हातात डबा नाही. दुसऱ्या आठवड्यापासून त्या स्टॉपवर डबे घेऊन उभ्या. पहिले दोन दिवस फुकट. तिसऱ्या दिवसापासून आठवड्याचे पैसे सोमवारी आगाऊ.

मी विचारलं, "आगाऊ देतात का हो?"

"देत नाहीत त्यांना डबा नाही. ड्रायव्हरांनी मला शिकवलं ना!" त्या म्हणाल्या आणि डब्याच्या झाकणावर खडूने नाव लिहीत राहिल्या.

खडूच का? पेन तेलकट झाकणावर उठत नाही, आणि संध्याकाळी डबा धुतला की नाव आपोआप जातं. हे त्यांचंच डोकं. आता त्यांच्याकडे दोन बायका कामाला आहेत आणि एक भाचा स्कूटरवर डबे पोचवतो. त्यांची पिग्मी दिवसाला दोनशे आहे.

अशी उदाहरणं मग बरीच दिसली. स्वयंसहायता गटांनी चवथीच्या आधी नेवऱ्या, चकल्या, लाडवांच्या ऑर्डरी घेतल्या. कोणी फणसाचे तळलेले गरे, कोणी आमसुलं, कोणी पापड. यात अडचण पदार्थ करण्याची नव्हती, ते आमच्या बायकांना येतच होतं. अडचण होती ती पैसे मागण्याची. शेजारणीकडून लाडवांचे पैसे कसे मागायचे? ज्या गटाने दाराशी दरपत्रक लावलं तो टिकला, "द्या काय द्यायचं ते" म्हणणारा गट दुसऱ्या चवथीपर्यंत मोडला.

पुरुषांना हे सगळं बराच काळ किरकोळ वाटत होतं. ट्रकाच्या एका दिवसाच्या भाड्याएवढा गटाचा महिना होता, हे खरंच आहे. पण ट्रक उभा होता.

६. गाडी जाते, हात राहतो

पाटेवाल्याची गोष्ट सांगायलाच हवी. पाटे म्हणजे ट्रकाच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या. खनिजाच्या ओझ्याने त्या मोडायच्या, त्यामुळे मोसमात या माणसाला जेवायला वेळ नसायचा. बंदीनंतर त्याच्या शेडमध्ये मोडक्या पाट्यांचा ढीग राहिला आणि गिऱ्हाईक संपलं. भंगारवाला रोज येऊन भाव विचारायचा.

हे पोलाद चिवट असतं. तापवून ठोकलं, धार काढून योग्य वेळी पाण्यात बुडवलं की कोयता असा होतो की नारळाच्या झावळ्या एका घावात. त्याचे वडील लोहारकाम करायचे, भाता माळ्यावर पडून होता. त्याने एक पाटा कापला, दोन कोयते केले, एक सत्तरी तालुक्यातल्या मेव्हण्याला दिला. काजूच्या मोसमाआधी बागा साफ करायच्या असतात, मेव्हण्याकडून आणखी चार जणांची मागणी आली. मग पारयी, कुदळी, विळे. गवत कापायच्या यंत्रांची पाती तो आता धार लावून देतो, आणि पावसाळ्यात त्याचं दुकान पूर्वी मोसमात चालायचं तसं चालतं.

मी त्याला विचारलं होतं की ढीग संपला की काय करणार. तो म्हणाला, "गोव्यात उभे ट्रक कमी आहेत काय?"

ज्यांच्याकडे हाताची कला होती ते असे कुठल्या कुठे वळले. मेकॅनिकांना मोटारी मिळाल्या, वेल्डरांना खिडक्यांचे ग्रिल आणि पत्र्याच्या शेड. ज्यांच्याकडे फक्त मालकी होती त्यांना सगळ्यात जड गेलं. ड्रायव्हर लोक या दोघांच्या मधे: अवजड वाहनाचं लायसन्स होतं, त्यामुळे कोणी शाळेच्या बसवर, कोणी काँक्रीटच्या मिक्सरवर, काही कदंबच्या बसवर लागले. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून विमानं उडू लागली, तेव्हा आमच्याकडची काही पोरं तिकडे लागली, कोणी टॅक्सीवर, कोणी सामान चढवायला, कोणी साफसफाईला. पगार फार नाहीत. पण एक तारखेला येतात, आणि पिग्मीवालीला एक तारीख फार आवडते.

७. पर्यटक येतात, पण थांबत नाहीत

खाणी गेल्या, पर्यटन आणा, असं व्यासपीठावरून सगळेच सांगतात. आमच्याकडे हरवळ्याचा धबधबा आहे, कोरीव गुंफा आहेत, मयेचं तळं आहे, नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. पावसात धबधब्यावर गाड्यांची रांग लागते. पण माणूस कळंगुटहून येतो, फोटो काढतो आणि जेवायला परत कळंगुटला. भुट्टेवाला आणि पार्किंगवाला सोडून कोणाच्या पिग्मीत त्याचा फरक पडलेला मला दिसला नाही. रात्र काढायला खोली, चांगलं जेवण आणि संडास, या तीन गोष्टी झाल्याशिवाय पडणारही नाही.

८. काजूला कोणी धंदा म्हणत नव्हतं

डोंगरउतारावरचे काजू घरोघरी होतेच. मार्च ते मे बोंडं गोळा करायची, बिया विकायच्या, बोंडांचा नीरो, हुर्राक, फेणी. खाणींच्या दिवसांत ही कामं म्हाताऱ्यांवर सोडलेली, काही बागा तर डंपखाली गेल्या. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या बाजारात त्याची चर्चाही झाली नव्हती, सगळे टनाचे भाव बोलत होते. बंदीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मात्र बागांत माणसं दिसली. एप्रिलमध्ये माझी पिग्मी वाढते ती काजूमुळेच.

भातशेती परत आणणं त्याहून अवघड. पिसुर्ल्याच्या बाजूला पावसाबरोबर डंपची माती वाहून येऊन शेतांत बसली आहे. ती उपसायला वर्षं आणि पैसा लागतो, आणि उपसायला हवी असं म्हणणाऱ्यांतला कोणी पंचविशीतला नाही.

९. जमीन विकून आलेल्या पैशाला सावरणं म्हणू नका

गेल्या काही वर्षांत बाजारात अचानक रोकड दिसते. नव्या गाड्या, नवे मजले, मोठी लग्नं. कारापूरच्या रस्त्याला प्लॉटचे मोठमोठे फलक लागले आहेत. दिल्ली-मुंबईच्या लोकांना किनारा महाग झाला, म्हणून ते आत सरकताहेत. याला विकास म्हणणारे बरेच आहेत. मी वहीत बघते तेव्हा हा पैसा मला खनिजासारखाच दिसतो: एकदा निघाला की तिथे पुन्हा उगवत नाही.

२०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट सांगितली होती. खनिजाच्या विक्रीचे दहा टक्के एका कायम निधीत टाका, पुढच्या पिढ्यांसाठी. या निधीबद्दल बाजारात फारसं कोणाला माहीत नाही. पण जमीन विकलेल्या माणसाला मी हेच सांगते. एक कोटी आले? दहा लाख अशा ठिकाणी ठेवा की तुमचाही हात पोचणार नाही. बहुतेक जण हसतात. एका म्हाताऱ्या भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, मात्र नातीच्या नावाने ठेव केली, आणि मला बजावलं की हे त्याच्या मुलाला कळता कामा नये.

१०. आता खाण सुरू झाली आहे, तर?

डिसेंबर २०२२ मध्ये खाणींचे लिलाव झाले, २०२४ मध्ये डिचोलीच्या ब्लॉकमधून पुन्हा माल निघू लागला. बारा वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं. बाजारात त्या दिवशी फटाके फुटले नाहीत. ज्यांचे ट्रक भंगारात गेले त्यांना नवे घ्यायला कर्ज हवं, आणि सगळ्यांना काम मिळेल एवढ्या खेपा यावेळी नाहीत. रस्त्याकडेची गावंही बदलली आहेत. २०१७ मध्ये सोनशीच्या लोकांनी धूळ असह्य झाली म्हणून ट्रक अडवले तेव्हा ४५ जणांना तुरुंगात जावं लागलं होतं. आता धुळीबद्दल, पाण्याबद्दल, शेतांबद्दल बोलायला लोक लाजत नाहीत आणि कोर्टात जायला घाबरत नाहीत.

खाण चालू राहावी की नाही यावर माझं मत विचारू नका, घरातच दोन मतं आहेत. माझ्यापुरतं एवढंच की खाणीवर अवलंबून असलेली नावं वहीत एका पानापेक्षा जास्त होऊ द्यायची नाहीत. संस्थेच्या मॅनेजरनाही मी हे सांगितलं. ते म्हणाले, पिग्मी एजंटाने धोरण ठरवायचं नसतं. मग त्यांनी ट्रकांच्या कर्जाची मर्यादा ठरवली, तो भाग वेगळा.

परवा एक तरुण आला. जुन्या पात्रांवचा मुलगा, कारखान्यात कायम नोकरी, आता नोकरी सोडून टिपर घ्यायचा आहे. मला जामीनदार शोधून द्या म्हणाला. मी त्याला तीनच गोष्टी विचारल्या. ज्याच्याकडे गाडी लावणार त्याच्याशी करार लेखी आहे का, आणि किती महिन्यांचा? पावसाचे चार महिने हप्ता कुठून भरणार? आणि गाडी सहा महिने उभी राहिली तर कितीला विकणार, हा आकडा आजच लिहून देतोस का?

पहिल्या दोन्हींची उत्तरं त्याच्याकडे तयार होती, बापापेक्षा शहाणा आहे. तिसऱ्याला तो जरा थांबला, घरी विचारून सांगतो म्हणाला. अजून आलेला नाही. नोकरीही अजून सोडलेली नाही, बसस्टॉपवर दिसतो, वयनींचा डबा घेतो. जाता जाता त्याने पिग्मी मात्र उघडली, रोजचे शंभर.